साठी उलटल्यावर नर्स: ब्लूज गायिका अल्बर्टा हंटरच्या एका निर्णयाचा अभ्यास

अल्बर्टा हंटरची गोष्ट बहुतेक वेळा शेवटाकडून सांगितली जाते. ८२ वर्षांची बाई न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटमध्ये गायला उभी राहते आणि शहर तिला ऐकायला लोटतं. गोष्ट खरी आहे, ऐकायलाही छान वाटते. पण तिच्यात नशिबाचा वाटा मोठा असल्यामुळे तिच्यातून हाती फारसं लागत नाही. म्हणून इथे मी त्याआधीचा, वीसेक वर्षांपूर्वीचा निर्णय मध्यभागी ठेवला आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात, साठीच्या आसपास, या गायिकेनं रंगमंच सोडला आणि ती रुग्णालयात प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे छोट्या अभ्यासक्रमानंतर खाटेजवळची मूलभूत शुश्रूषा करणारी नर्स, म्हणून रुजू झाली. तो निर्णय कशातून आला, समोर आणखी काय काय होतं आणि त्यासाठी तिला काय मोजावं लागलं, ते पाहू.

पार्श्वभूमी

जन्म १ एप्रिल १८९५, टेनेसी राज्यातलं मेम्फिस. वडील रेल्वेच्या पुलमन डब्यांत, म्हणजे झोपायच्या डब्यांत, पोर्टर होते, ते लवकरच घरातून गेले. आई लॉरा एका कुंटणखान्यात साफसफाईचं काम करायची. अल्बर्टा पोरसवदा वयातच घरातून पळून शिकागोला गेली. तिथे एका खानावळवजा वसतिगृहात तिला काम मिळालं. आठवड्याला ६ डॉलर आणि राहणं-खाणं. त्यातलेही काही पैसे ती आईला धाडायची. ही सवय पुढे आईच्या शेवटापर्यंत टिकली, आणि या प्रकरणात तिला महत्त्व आहे.

गाण्याची पहिली जागा म्हणजे वेश्या आणि त्यांच्या दलालांचा राबता असलेला एक गुत्ता. तो १९१३ मध्ये बंद पडला. तिथून एकेक पायरी चढत १९१७ मध्ये ती ड्रीमलँड या क्लबात पोहोचली. जॅझवादक किंग ऑलिव्हरचा बँड जिथे वाजायचा, तेच हे ठिकाण. इथे पगार आठवड्याला ३५ डॉलरवर गेला, वर बक्षिशी वेगळी. शिकागोच्या दक्षिण भागात तेव्हा यापेक्षा मोठी जागा कृष्णवर्णीय गायिकेसाठी क्वचितच असेल.

१९२० मध्ये ‘ओके’ नावाच्या तबकडी कंपनीनं मेमी स्मिथच्या आवाजात ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गायनप्रकाराची तबकडी काढली. ती धडाक्यानं खपली आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईक पैसे मोजून तबकड्या विकत घेतं, हा साक्षात्कार कंपन्यांना झाला. पुढची काही वर्षं ब्लूजच्या ध्वनिमुद्रणावर बायकांचं राज्य होतं: मा रेनी, बेसी स्मिथ, आयडा कॉक्स, एथेल वॉटर्स. ब्लूज म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा गिटारवाला एकांडा पुरुष बाजारात नंतर आला, हे आज बरेच रसिकही विसरतात. हंटरची पहिली तबकडी १९२१ ची, कृष्णवर्णीय मालकीच्या ब्लॅक स्वान कंपनीची. १९२२ पासून ती पॅरामाउंट या तबकडी कंपनीकडे गाऊ लागली.

तिथेच तिला व्यवसायाचा पहिला मोठा धडा मिळाला. पियानोवादक लव्ही ऑस्टिनबरोबर तिनं ‘डाउनहार्टेड ब्लूज’ हे गाणं रचलं आणि पॅरामाउंटसाठी स्वतः गायलं. कंपनीचा कृष्णवर्णीय निर्माता मेयो विल्यम्स, टोपणनाव ‘इंक’, यानं त्या गाण्याचे हक्क गुपचूप कोलंबिया या दुसऱ्या तबकडी कंपनीला दिले आणि मानधन स्वतःकडे वळवलं. १९२३ च्या फेब्रुवारीत बेसी स्मिथनं कोलंबियासाठी हेच गाणं गायलं. तिची ती पहिलीच तबकडी, आणि ती तुफान चालली. हंटरच्या हातात पडले ३६८ डॉलर.

ही रक्कम किती कमी होती? अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानं प्रत्येक तबकडीमागे गाण्याच्या हक्कदाराला २ सेंट ठरवून दिले होते. या तबकडीच्या खपाचा सगळीकडे दिला जाणारा आकडा ७ लाख ८० हजारांचा आहे. तो फुगवलेला समजून निम्मा धरला, तरी ७,८०० डॉलर होतात. रिवाजाप्रमाणे त्यातला अर्धा वाटा प्रकाशकाचा आणि उरलेल्याचे दोन रचनाकारांत दोन भाग केले, तर हंटरच्या वाट्याला साधारण १,९५० डॉलर यायला हवे होते. म्हणजे ड्रीमलँडच्या वर्षभराच्या पगाराहून थोडे जास्तच.

तिनं विल्यम्ससाठी गाणं थांबवलं. यानंतरच्या तिच्या वागण्यात एक ढब दिसते: भांडत बसायचं नाही, बाहेर पडायचं. जेनेट कंपनीसाठी १९२४ मध्ये लुई आर्मस्ट्राँगसोबत गाताना तिनं सावत्र बहिणीचं, जोसेफिन बीटी हे नाव वापरलं. १९१९ मध्ये तिनं विलर्ड टाउनसेंडशी केलेलं लग्न काही महिन्यांतच नावापुरतं उरलं. तिचं मन जिच्यापाशी होतं ती लॉटी टायलर, प्रसिद्ध विनोदी नट बर्ट विल्यम्सची भाची. त्याबद्दल तिनं जाहीरपणे कधी अवाक्षर काढलं नाही. नावं बदलणं, माहिती राखून ठेवणं, कुणाला किती सांगायचं ते आपण ठरवणं हे तिच्या अंगात तेव्हापासून मुरलेलं होतं.

१९२७ मध्ये ती युरोपला गेली. पुढच्याच वर्षी लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात ‘शो बोट’ या संगीतिकेत गायक-नट पॉल रॉब्सनबरोबर उभी राहिली. १९३० च्या दशकात लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात, पॅरिसच्या कॅबरेंत गायली. महायुद्धाचे ढग जमल्यावर अमेरिकेत परतली आणि सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम करणाऱ्या यूएसओ संस्थेच्या पथकाची प्रमुख झाली. हे पथक चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरही आलं होतं. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणारा लेडो रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, तेव्हा आसामच्या बाजूला असा श्रोता भरपूर होता. आपल्याकडच्या युद्धकाळाच्या आठवणींत या पथकांचा उल्लेख जवळजवळ सापडत नाही.

पेच

१९५० च्या दशकात कामं आटली. पैसा आणि तरुण कान रिदम अँड ब्लूजकडे, मग रॉक अँड रोलकडे वळले होते. साठीच्या उंबरठ्यावरच्या कॅबरे गायिकेला कुणी खास वाईट वागवत नव्हतं, फक्त फोन येत नव्हता.

त्यातच आई गेली. न्यूयॉर्कमध्ये मायलेकी एकत्र राहत. शिकागोतल्या ६ डॉलरांपासून कमाई कुणासाठी, या प्रश्नाचं उत्तर आई हेच होतं. हंटर काटकसरी होती, पैसे राखून होती. बरेच चरित्रपर लेख तिला इथे कफल्लक करून टाकतात, ते पटत नाही. पेच पोटाचा नव्हता. दिवस कशात घालवायचा आणि पुढची वीस-तीस वर्षं कुणाच्या मर्जीवर काढायची, असा तो होता.

याच काळात ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका रुग्णालयात विनावेतन सेवा करत होती. म्हणजे पुढचा निर्णय काही आभाळातून पडला नाही.

समोरचे पर्याय

तिचे पर्याय समजायचे तर तिच्या समकालीन गायिकांचं काय झालं ते पाहावं. तीही हे पाहत होतीच.

बेसी स्मिथनं कोलंबियाशी ठोक रकमेचा करार केला होता. तबकडीच्या एका बाजूमागे सुरुवातीला १२५ डॉलर, पुढे २०० पर्यंत. विक्रीवर वाटा शून्य. नऊ वर्षांत तिनं १६० बाजू गायल्या. मंदी आली, १९३१ मध्ये कंपनीनं तिला सोडलं. १९३७ मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात ती गेली आणि तिच्या कबरीवर १९७० पर्यंत दगडही नव्हता. मेमी स्मिथ १९४६ मध्ये हलाखीत वारली. मा रेनी त्यामानानं शहाणी निघाली. जॉर्जियातल्या आपल्या कोलंबस गावी परतून तिनं थिएटरं चालवली. सिपी वॉलेसनं डेट्रॉइटच्या चर्चमध्ये गाणं-वाजवणं पत्करलं. एथेल वॉटर्स अभिनयाकडे आणि मग धर्मप्रचाराच्या सभांकडे वळली.

म्हणजे गात राहणं हा पहिला पर्याय. पण त्याला बाजार नव्हता. जुन्या ब्लूजचा शोध घेणारे गोरे तरुण संग्राहक तेव्हा पुढे येऊ लागले होते, पण त्यांना हवा होता मिसिसिपी राज्यातल्या ‘डेल्टा’ भागातला खेडूत गिटारवादक. युरोपात ब्लूज गायक-गिटारवादक बिग बिल ब्रून्झीला मिळालेलं प्रेमही त्याच प्रतिमेला मिळालेलं. रेशमी पोशाखात, बँडच्या साथीनं, नाट्यगीतंही गाणारी बाई त्यांना पुरेशी ‘अस्सल’ वाटत नसे. माझ्या मते हा या चळवळीचा मोठा आंधळेपणा होता, आणि त्याचा फटका एका अख्ख्या पिढीतल्या बायकांना बसला.

युरोपला पुन्हा जाणं हा दुसरा पर्याय. ओळखी होत्या, भाषेची अडचण नव्हती. पण तिथेही गिऱ्हाईक नव्या चवीचं झालं होतं आणि परदेशात एकटीनं म्हातारपण काढायचं होतं. तिसरा पर्याय शिल्लक पुंजीवर घरी बसण्याचा. तिचा स्वभाव पाहता हा तिनं मनातसुद्धा आणला असेल असं वाटत नाही.

चौथा पर्याय नर्सिंगचा. नियमित पगार, सरकारी रुग्णालय, रोज कुणालातरी आपली गरज. अडचण एकच होती: त्या वयात प्रवेश कोण देणार?

निर्णय आणि कृती

तिनं वय बारा वर्षांनी कमी सांगितलं. शाळा पूर्ण केल्याचा दाखला तिच्याजवळ नव्हता, तोही कागदोपत्री जुळवला. वायडब्ल्यूसीए या स्त्रियांसाठीच्या संस्थेच्या प्रॅक्टिकल नर्सिंगच्या वर्गात प्रवेश मिळाला, अभ्यासक्रम पूर्ण झाला, परवाना हातात आला. मग वेल्फेअर बेटावरच्या गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात नोकरी. पूर्व नदीतलं हे अरुंद बेट पुढे १९७३ मध्ये रूझवेल्ट बेट झालं. रुग्णालय शहराचं, दीर्घ आजाराच्या रुग्णांचं. तिथले बरेच रोगी वर्षानुवर्षं खाटेवर. झगमगाटाचा लवलेश नसलेली, पाठ मोडणारी नोकरी. ती तिनं वीस वर्षं केली.

खोटं वय सांगणं नैतिकदृष्ट्या कसं, हा प्रश्न रास्त आहे. रुग्णाला उचलणारी, औषध देणारी व्यक्ती ६५ ची आहे की ७७ ची, यानं फरक पडू शकतो. मी त्याकडे असं पाहतो: अभ्यास, परीक्षा आणि खाटेजवळचं काम खरं होतं. खोटं बोलावं लागलं ते दारावर, आणि ते दार क्षमता न तपासता जन्मसाल विचारत होतं. तरीही रुग्णालयाच्या जागी बसून पाहिलं तर माझं हे म्हणणं पुरतं समाधान करत नाही, हेही मान्य करायला हवं.

या निर्णयाचा एक परिणाम फारसा कुणी मांडलेला मला दिसला नाही. रुग्णालयाच्या दप्तरी तिचा जन्म १९०७ च्या आसपासचा ठरला. या हिशेबानं ड्रीमलँडमध्ये ती दहा वर्षांची असताना गात होती आणि चौदाव्या वर्षी तिची पहिली तबकडी निघाली होती. कुणीही जाणकार हा हिशेब दोन मिनिटांत मांडू शकला असता. सहकाऱ्यांना तिचं पूर्वायुष्य ठाऊक नव्हतं, याचं कारण सहसा विनय किंवा आईच्या जाण्यानं आलेलं वैराग्य असं सांगतात. तेही असेल. पण माझा तर्क असा की तिला दुसरा मार्गच नव्हता. गायिका अल्बर्टा हंटर उघडी पडली असती, तर नर्स अल्बर्टा हंटरचं वय त्याच क्षणी उघडं पडलं असतं. एका खोट्या आकड्यानं तिला नोकरी दिली आणि त्याच आकड्यानं तिच्या चाळीस वर्षांच्या कामावर पडदा टाकायला लावला.

म्हणूनच १९६१ ची घटना चकित करते. ख्रिस अल्बर्टसन या तरुण निर्मात्यानं तिला गाठलं आणि ती दोन ध्वनिमुद्रणांना तयार झाली. पहिलं ऑगस्टमध्ये, लुसिल हेगामिन आणि व्हिक्टोरिया स्पायव्ही या समकालीन गायिकांसोबत. दुसरं सप्टेंबरमध्ये शिकागोला, ‘डाउनहार्टेड’ची सहरचनाकार लव्ही ऑस्टिन पियानोवर. तबकड्यांवर तिचं खरं नाव होतं, म्हणजे धोका होताच. आवाजात जोर शाबूत होता. तबकड्या निघाल्या, जाणकारांनी ऐकल्या, आणि ती परत वॉर्डात गेली. रुग्णालयात कुणाला पत्ता लागला नाही. ब्लूजचे श्रोते आणि गोल्डवॉटरचे कर्मचारी या दोन जगांत तेव्हा किती कमी येजा होती, ते यावरून कळतं.

परिणाम

१९७७ मध्ये रुग्णालयानं तिला निवृत्त केलं. दप्तराप्रमाणे ती सत्तर वर्षांची झाली होती, प्रत्यक्षात ८२ ची. तिला काम सोडायचं नव्हतं. इथे तिची जुनी ढब उलटली: आयुष्यभर ती स्वतः बाहेर पडत आली, या वेळी तिला बाहेर काढलं गेलं.

त्याच उन्हाळ्यात गायिका मेबल मर्सरसाठी गायक-पियानोवादक बॉबी शॉर्टनं दिलेल्या एका मेजवानीत ती कुणाच्या तरी नजरेस पडली आणि निरोप बार्नी जोसेफसनपर्यंत गेला. १९३८ मध्ये कॅफे सोसायटी काढून गोऱ्या-काळ्यांना एकाच दालनात बसवणारा हा माणूस आता ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘द कुकरी’ नावाचं रेस्टॉरंट चालवत होता. त्यानं तिला थोड्या दिवसांसाठी बोलावलं. ऑक्टोबर १९७७ मध्ये, पियानोवर जेराल्ड कुक, असा कार्यक्रम सुरू झाला आणि अधूनमधून खंड पडत पुढची सहा वर्षं चालला. वीस वर्षं दडवलेलं वय आता बातमीचा मथळा होतं.

बाकी सगळं झपाट्यानं घडलं. एका चित्रपटाचं संगीत, निर्माता जॉन हॅमंडच्या देखरेखीखाली कोलंबियासाठी ध्वनिमुद्रण, १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या कलाकेंद्राच्या सन्मान सोहळ्यात गाणं, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये कार्यक्रम, ब्राझीलचे दौरे. १७ ऑक्टोबर १९८४ रोजी ती वारली, वय ८९. राहायला अखेरपर्यंत त्याच रूझवेल्ट बेटावर.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात महागात पडलेला क्षण १९२२ चा. त्या वेळच्या कायद्यानुसार अप्रकाशित रचनेची नोंदणी रचनाकाराला स्वतः करता येत होती, फक्त लेखी प्रत लागे. स्वरलेखन ही लव्ही ऑस्टिनसाठी अडचण नव्हती, ती संगीत रीतसर शिकलेली होती. दोघींनी गाणं आधी आपल्या नावावर केलं असतं तर विल्यम्सचा डाव कठीण झाला असता. कदाचित त्यानं ते गाणं ध्वनिमुद्रितच केलं नसतं. प्रकाशनाचे हक्क आपल्या हातात ठेवण्याची अट कंपन्या तेव्हा सर्रास घालत. पण क्लॅरेन्स विल्यम्ससारखे कृष्णवर्णीय वादक-प्रकाशक त्याच बाजारात हक्क राखून पैसा कमवत होते. वाट होती, बायकांना ती दाखवायला कुणी पुढे आलं नाही.

नर्सिंगच्या निर्णयात मला बदलण्यासारखं फार दिसत नाही. खरं वय सांगितलं असतं तर प्रवेश मिळाला नसता, आणि गात राहिली असती तर १९७७ पर्यंत आवाज आणि अंग टिकलं असतं याची खात्री नाही. वीस वर्षं रात्रीचे क्लब, धूर आणि जागरण यांपासून ती दूर राहिली, याचा तिच्या उत्तरायुष्यातल्या गळ्याशी संबंध असावा असं बऱ्याच गायकांना वाटतं. मलाही ते पटतं, जरी सिद्ध करता येणार नाही.

वाद घालण्यासारखी जागा १९६१ ची आहे. ती दोन ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा तिचं खरं वय ६६ होतं. मिसिसिपी जॉन हर्ट आणि सन हाउस या जुन्या ब्लूज गिटारवादकांचा ‘पुनर्शोध’ १९६३-६४ मध्ये लागला आणि दोघांना महोत्सव, विद्यापीठं, दौरे मिळाले. हंटर तर हरवलेली नव्हतीच, न्यूयॉर्क शहरातच होती आणि नुकती गायलीही होती. कुण्या निर्मात्यानं तिला नियमित वेतनाची हमी दिली असती, तर तिनं गोल्डवॉटर सोडलं असतं का? मला वाटतं, नाही. ३६८ डॉलरचा अनुभव घेतलेली बाई निर्मात्याच्या शब्दापेक्षा शहराच्या पगारपत्रकावर जास्त भरवसा ठेवणार. पण कुणी हमीच दिली नाही, त्यामुळे तिला नाही म्हणायची वेळही आली नाही. यात चूक शोधायची असेल तर ती न विचारणाऱ्यांच्या बाजूला शोधावी.

राहता राहिला रुग्णालयाचा नियम. सत्तरीला सरसकट घरी पाठवण्याऐवजी वार्षिक तपासणीवर कामाची मुदत वाढवण्याची सोय असती, तर हंटर बहुधा आणखी काही वर्षं वॉर्डातच राहिली असती आणि कुकरीचे ते कार्यक्रम झालेच नसते. रुग्णांना एक अनुभवी नर्स मिळाली असती, आपल्याला तिचं शेवटच्या वर्षांतलं गाणं मिळालं नसतं. निवड तिच्यावर सोडली असती तर तिनं वॉर्ड निवडला असता, असं तिच्या निवृत्तीच्या वेळच्या नाराजीवरून तरी दिसतं.